समोरची बोट त्याच खांबाआड राहिली तर : यंत्राला हालचाल कशी कळते?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये एकदा मी तांडेलाशेजारी उभा होतो. उजव्या हाताला, बऱ्यापैकी लांब, एक ट्रॉलर करंज्याकडे निघालेला. माझ्या दृष्टीने तो नुसता देखावा होता. तांडेल मात्र बोलता बोलता मधूनच तिकडे बघत होता. विचारलं तर म्हणाला, "कठड्याचा तो तिसरा खांब बघा. ट्रॉलर त्याच्या आड आहे ना? आता जागचे हलू नका, इथूनच बघत राहा. खांब सोडून पुढे सरकला तर आपल्या पुढून जाईल, मागे पडला तर मागून. आणि खांबाआडच राहून मोठा मोठा दिसायला लागला, तर समजा आपल्यावरच येतोय."

वेग नाही, अंतर नाही, गणित नाही. एक खांब आणि दोन प्रश्न: बोट सरकतेय का? मोठी होतेय का?

हे आठवायचं कारण सध्याच्या बातम्या. अमेरिकेत फिनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वेमोच्या चालक नसलेल्या टॅक्सी धावतात. पुढेमागे माणसांशिवाय चालवायचं म्हणून बांधलेलं 'यारा बिर्कलँड' हे विजेवरचं मालवाहू जहाज नॉर्वेत २०२२ पासून कामाला लागलंय. अशी बातमी आली की लोक विचारतात, "समोरचा आता काय करणार, हे त्या यंत्राला कसं कळतं?" उत्तरात बहुतेक वेळा कॅमेरे, रडार आणि एआय एवढंच सांगितलं जातं. पण दिसणं वेगळं आणि दिसलेल्याचा अर्थ लावणं वेगळं. अर्थ लावायची एक पद्धत त्या तांडेलाच्या खांबाच्या फार जवळची आहे. हा लेख तिच्याबद्दल, आणि ती यंत्राला ज्या 'तर्क-प्रोग्रॅमिंग'च्या भाषेत सांगता येते त्याबद्दल.

आकडे नाहीत, मग आहे काय?

पत्ता सांगताना आपण "उत्तरेकडे १४० मीटर" म्हणत नाही. "देवळाच्या पुढे, पिंपळाच्या अलीकडे, डाव्या हाताला" म्हणतो आणि माणूस बरोबर पोचतो. रस्ता ओलांडतानाही समोरच्या रिक्षाचा वेग कोणी मोजत नाही. ती येतेय की थांबतेय, एवढंच बघतो.

जागेचा, दिशेचा आणि हालचालीचा विचार आकड्यांऐवजी अशा मोजक्या नात्यांनी करण्याला संगणकशास्त्रात 'गुणात्मक स्थलविचार' म्हणतात. नाव जड आहे, पुन्हा फारसं वापरणार नाही. मोजक्या नात्यांची यादी आधी पक्की करायची, मग त्या यादीतल्या नात्यांची आपापसात सांगड कशी बसते ते ठरवायचं, असं हे काम. जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये काळाच्या बाबतीत ते करून दाखवलं: दोन घटनांमध्ये 'आधी', 'नंतर', 'चालू असताना' अशी नेमकी १३ नाती असू शकतात, चौदावं नाही. १९९२ मध्ये रँडेल, कुई आणि कोन यांनी जागेच्या दोन तुकड्यांसाठी आठ नात्यांची यादी मांडली: वेगळे, कडेला टेकलेले, एकमेकांत घुसलेले, पूर्ण आत वगैरे.

पण ती नाती उभ्या वस्तूंची. चालत्या बोटींचं काय?

दोन चिन्हं, नऊ अवस्था

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात निको व्हान डे वेगे यांनी २००४ च्या आपल्या प्रबंधात चालत्या वस्तूंसाठी एक विलक्षण साधी खूण-पद्धत मांडली. दोन वस्तू घ्या. पहिली दुसरीच्या दिशेने जात असेल तर वजा (अंतर कमी करतेय म्हणून), लांब जात असेल तर अधिक, दोन्ही नसेल तर शून्य. दुसरीसाठीही तसंच. झालं. दोन चिन्हं, प्रत्येकाचे तीन पर्याय, म्हणून एकूण नऊ अवस्था. डावी-उजवी बाजूही धरायची असेल तर आणखी दोन चिन्हं लागतात आणि अवस्था ८१ होतात. आपलं काम नऊवर भागेल.

घाटात एसटी एका ट्रकला मागे टाकतेय असं समजा. एसटी मागे आहे, ट्रककडे जातेय: वजा. ट्रक पुढे पळतोय, म्हणजे एसटीपासून लांब जातोय: अधिक. अवस्था (− +). मग एसटी शेजारी येते. त्या एका क्षणी दोघांची तोंडं पुढे आहेत आणि एकमेकांना जोडणारी रेघ आडवी आहे. कोणीच कोणाकडे जात नाही, कोणी लांबही जात नाही: (० ०). आणि मग (+ −). ट्रक बिचारा पहिल्यापासून सरळच चाललाय, पण आता एसटी त्याच्या पुढे असल्यामुळे तो 'एसटीकडे येणारा' ठरतो.

म्हणजे 'ओव्हरटेक' या शब्दाचा अर्थ तीन अवस्थांच्या माळेत मावला: (− +), (० ०), (+ −). वेग ताशी ३० असो की ८०, माळ तीच. मार्ग म्हणजे यंत्राच्या दृष्टीने नकाशावरची वाकडी रेघ नसून अशा अवस्थांची माळ आहे.

माळच लागते, सुटा मणी पुरत नाही. नुसती (+ −) अवस्था पाहून एसटीने ट्रकला आत्ता मागे टाकलं की ती आधीपासूनच पुढे होती, हे सांगता येत नाही. जहाजांचा आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक कायदा १९७२ मध्ये ठरला आणि १९७७ पासून लागू आहे. त्याचा १३ वा नियम याच मुद्द्यावर बोट ठेवतो. दुसऱ्या जहाजाच्या ऐन आडव्या रेषेपासून साडेबावीस अंशांहून जास्त मागच्या बाजूने येणारं जहाज म्हणजे मागे टाकणारं जहाज, आणि बाजूला राहण्याची जबाबदारी त्याची. नंतर दिशा कितीही बदलली तरी ते पूर्णपणे पुढे जाऊन मोकळं होईपर्यंत ती जबाबदारी सुटत नाही. थोडक्यात, कायदासुद्धा तू आत्ता कुठे आहेस एवढ्यावर थांबत नाही, कुठून आलास तेही विचारतो.

उडी मारता येत नाही

वजाचं अधिक व्हायचं तर मध्ये शून्य लागतंच, मग ते क्षणभराचं का असेना. येणारा माणूस मध्ये एकदाही 'ना येतोय ना जातोय' असा न होता जाणारा होऊ शकत नाही. हे इतकं उघड आहे की सांगायची लाज वाटावी. पण यंत्राला उघड असं काही नसतं.

आता जरा गंमत. समजा पहिला शून्यात आहे, दुसरा वजात. पुढच्या पावलात थेट उलट होऊ शकतं का, पहिला वजात आणि दुसरा शून्यात? वाटतं की व्हावं, प्रत्येकजण एकच पायरी तर सरकलाय. पण पहिला शून्य सोडतो नेमका त्याच क्षणी दुसरा शून्यात पोचला, तर त्या क्षणी दोघेही शून्यात असणार, म्हणजे मध्ये (० ०) घडलं. आणि वेळा वेगळ्या असतील तर मध्ये दोघेही वजात किंवा दोघेही शून्यात असण्याचा काळ येणार. थेट रस्ता नाहीच. कागदावर मांडून बघा: नऊ अवस्थांच्या एकूण ३६ जोड्या होतात, त्यातल्या फक्त १६ जोड्यांमध्ये सरळ ये-जा शक्य आहे.

याचा उपयोग? कॅमेऱ्याने आधी (− −) आणि लगेच (+ −) सांगितलं, तर एक तर मधलं काहीतरी निसटलं, नाहीतर कॅमेरा चुकतोय, नाहीतर दोन वेगळ्या बोटींना त्याने एकच समजलं. अचूक आकडा एकही नसताना यंत्राला खोटी साक्ष पकडता येते.

यात तर्क-प्रोग्रॅमिंग कुठे आलं?

नेहमीचा प्रोग्रॅम म्हणजे पाककृती: आधी हे करा, मग ते करा. तर्क-प्रोग्रॅमिंगमध्ये कृती लिहायची नसते. काय खरं आहे आणि कशावरून काय ठरतं एवढं लिहायचं, उत्तर शोधणं यंत्राचं काम. या पद्धतीची सर्वांत प्रसिद्ध भाषा प्रोलॉग. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरात आलँ कोलमेरोअर आणि फिलिप रुसेल यांनी ती घडवली, तर्काची बैठक रॉबर्ट कोवाल्स्की यांची. खरं तर त्यांना यंत्राशी फ्रेंचमध्ये बोलायचं होतं, बोटींशी त्यांचा काही संबंध नव्हता.

तांडेलाचं शहाणपण प्रोलॉगमध्ये असं उतरतं:

येतो(लाँच, ट्रॉलर).
येतो(ट्रॉलर, लाँच).
दिशा(लाँच, ट्रॉलर, तीच).

अंतर_घटतं(_अ, _ब) :- येतो(_अ, _ब), येतो(_ब, _अ).
धोका(_अ, _ब) :- अंतर_घटतं(_अ, _ब), दिशा(_अ, _ब, तीच).

वरच्या तीन ओळी म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं, खालच्या दोन म्हणजे नियम. मधलं चिन्ह 'जर' असं वाचा: अ आणि ब यांच्यात धोका आहे, जर अंतर घटत असेल आणि दिशा तीच असेल. (नावाच्या सुरुवातीची अधोरेषा 'कोणीही' अशा अर्थाची. एरवी त्यासाठी रोमन कॅपिटल अक्षर वापरतात. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, म्हणून हा जुगाड.)

आता विचारायचं: धोका(लाँच, _कोण)? उत्तर येतं: ट्रॉलर. उलटही विचारता येतं: धोका(_कोणाला, ट्रॉलर)? तेच नियम, नवा प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. शिवाय यंत्र 'का' तेही सांगू शकतं, कारण उत्तरापर्यंत ते कोणत्या नियमांवरून पोचलं याची वाट जशीच्या तशी दाखवता येते.

पण जीपीएस असताना हा उद्योग कशाला?

रास्त शंका. आकडे मिळत असतील तर ते फेकून का द्यायचे?

फेकत नाहीच. चिन्हं आकड्यांवरूनच काढतात. पण मोजमाप थोडं तरी थरथरतं, आणि जागा दोन मीटर इकडेतिकडे झाली तरी 'येतोय' हे सहसा बदलत नाही. दुसरं, नियमच शब्दांत लिहिलेले आहेत. जहाजांच्या त्याच टक्कर-प्रतिबंधक कायद्याचा ७ वा नियम म्हणतो की जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा लक्षात येण्याजोगी बदलत नसेल तर टक्करीचा धोका आहे असं धरा. हा तांडेलाचा खांबच आहे! फरक एवढाच की लाँच वळली की खांबही तिच्याबरोबर वळतो, होकायंत्र वळत नाही. 'लक्षात येण्याजोगी' म्हणजे किती अंश, ते कायद्याने सांगितलेलं नाही. १५ वा नियम म्हणतो की दोन यांत्रिक जहाजांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं आहे त्याने वाट द्यावी. यातही आकडा नाही. जर्मनीतल्या ब्रेमेन आणि फ्रायबुर्गच्या संशोधकांनी २००७ मध्ये हे सागरी नियम अशाच नात्यांच्या भाषेत बसवून दाखवले, ते याच कारणाने.

तिसरं कारण अपघातानंतर कळतं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं एकमेकांवर आदळली, कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरलं. अशा वेळी चौकशीत वेगाचा तक्ता लागतोच, पण खरा प्रश्न शब्दांतला असतो: कोण कोणाच्या कोणत्या हाताला होतं, वाट कोणी द्यायची होती, आणि ते कोणत्या क्षणापासून? हजारो आकड्यांच्या ढिगातून निघालेलं उत्तर नियमाच्या भाषेत आणावंच लागतं.

आणि एआय?

कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांतून 'ही मोटरसायकल' असं ओळखण्यात उदाहरणं बघून शिकणाऱ्या संगणकी जाळ्यांचा (न्यूरल नेटवर्क) हात कोणी धरणार नाही, प्रोलॉग तर मुळीच नाही. पण ती मोटरसायकल एका गाडीच्या मागे गेली की चित्रातून नाहीशी होते. रस्त्यावरून होत नाही. २०१९ मध्ये याकोब सुखान, मेहुल भट्ट आणि श्रीकृष्ण वरदराजन यांनी नेमकं हेच धरलं. त्यांच्या पद्धतीत ओळखायचं काम जाळ्यांचं, आणि अर्थ लावायचं काम प्रोलॉगच्या एका भाऊबंदाचं, जो एकच उत्तर न देता दिसलेल्याशी सुसंगत अशा सगळ्या गोष्टी रचून देतो. गाडीआड नाहीशी झालेली मोटरसायकल हवेत विरली, ही गोष्ट नियमात बसत नाही. ती अजून गाडीआडच आहे, ही बसते. म्हणून आपल्या चालक नसलेल्या गाडीने ती दिसत नसतानाही आहे असं धरून चालायचं.

ही विभागणी मला पटते. पाहणं एकाने करावं, विचार दुसऱ्याने.

"माहीत नाही"चं काय करायचं?

आता खरी मेख. मी या विषयाकडे ओढलो गेलो तो याच जागी.

(− −) म्हणजे दोघे एकमेकांकडे येतायत: अंतर घटणार, नक्की. (+ +): वाढणार, नक्की. आणि (− +)? मी तुझ्याकडे, तू माझ्यापासून लांब. कोण जास्त वेगात आहे त्यावर सगळं अवलंबून, आणि वेग तर आपण लिहिलाच नाही. इथे चिन्हं हात वर करतात. घाटातल्या एसटीचं अंतर घटत होतं हे आपल्याला माहीत, कारण तिने ओव्हरटेक केलं. त्या क्षणी यंत्राला ते ठाऊक नसतं. दोघांच्या वेगाची तुलना सांगणारं आणखी एक चिन्ह जोडता येतं, पण तेही कधी मिळतं, कधी नाही.

मग वरचा माझा प्रोग्रॅम काय करेल? मागून एक भरधाव स्पीडबोट येतेय असं समजा. अवस्था (− +), दिशा तीच. अंतर_घटतं सिद्ध होत नाही. प्रोलॉगचा नेहमीचा खाक्या असा: जे सिद्ध करता येत नाही ते खोटं. म्हणून धोका? नाही.

एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाला हा खाक्या चालतो. फलकावर साडेतीनची गाडी नाही, म्हणजे साडेतीनला गाडी नाही. पण समुद्राचं वेळापत्रक कोणी टांगलेलं नसतं. म्हणून सागरी कायदा बरोबर उलटं म्हणतो. ७ वा नियम सुरुवातीलाच सांगतो की धोका आहे की नाही अशी शंका असेल तर आहे असंच धरा. मागे टाकतोय की नाही अशी शंका असेल तर टाकतोय असं धरा, हे १३ व्या नियमात. समोरासमोर आहोत का अशी शंका असेल तर आहोत असं धरा, हे १४ व्यात. शंका कोणाच्या पारड्यात टाकायची ते कायद्याने ठरवून ठेवलंय. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते ठरवलं नाही, तर भाषा गुपचूप ठरवते, आणि चुकीच्या बाजूने ठरवते.

उपाय म्हणजे धोका सिद्ध करायच्या भानगडीत पडायचं नाही, निर्धोकपणा सिद्ध करायला लावायचा:

निर्धोक(_अ, _ब) :- अंतर_वाढतं(_अ, _ब).
निर्धोक(_अ, _ब) :- दिशा_सरकते(_अ, _ब), लहान(_ब), लांब(_अ, _ब).
धोका(_अ, _ब) :- बोट(_अ), बोट(_ब), _अ \== _ब, \+ निर्धोक(_अ, _ब).

\+ म्हणजे 'सिद्ध करता येत नाही'. आता निर्धोक आहे हे सिद्ध झालं नाही, की आपोआप धोका. दुसऱ्या ओळीतल्या 'लहान' आणि 'लांब' या अटी माझ्या पदरच्या नाहीत. फार मोठं जहाज असेल किंवा दुसरं जहाज ओढून नेलं जात असेल किंवा दोघे फार जवळ असतील, तर दिशा सरकत असूनही धोका असू शकतो, हे त्याच ७ व्या नियमात आहे.

ही ओळ मी पहिल्यांदा 'मोठं आहे हे सिद्ध होत नसेल तर' अशी लिहिली होती. पुन्हा त्याच खड्ड्यात: अंधारात आकार कळला नाही, म्हणून यंत्राने जहाज लहान धरलं. आणि तिसऱ्या ओळीतलं 'दोन्ही एकच नाहीत' हे सुरुवातीला राहून गेलं, तेव्हा प्रोग्रॅमने गंभीरपणे कळवलं होतं की लाँचला लाँचचाच धोका आहे.

मग ते यंत्र सारखं ओरडतच बसेल

बसेल. धुक्यात तर प्रत्येक ठिपक्याला धोका म्हणेल, आणि वरचेवर वाजणाऱ्या भोंग्याकडे माणसं लक्ष देणं सोडतात. चिन्हांचा आणखी एक दोष इथेच उघडा पडतो: शून्याच्या आसपास चिन्ह लुकलुकतं, आत्ता वजा, आत्ता अधिक, पुन्हा वजा. त्यासाठी 'इतक्या फरकाखाली शून्यच समजा' अशी मर्यादा घालावी लागते. ती मर्यादा शेवटी एक आकडाच असते आणि तो कोणीतरी माणसानेच निवडलेला असतो. आकड्यांपासून पूर्ण सुटका या पद्धतीत नाही, तसा दावा कोणी करू नये.

पण ओरडणं थांबवायला नियम सैल करायची गरज नसते. यंत्राला उलटा प्रश्न विचारता येतो: कोणती एक माहिती मिळाली तर निर्धोक सिद्ध होईल? उत्तर येईल, 'दिशा सरकते का, ते कळलं तर' किंवा 'आकार कळला तर'. मग रडार तिकडे वळवायचं, नाहीतर स्वतःची चाल बदलून बघायचं.

त्या दिवशी ट्रॉलर बराच वेळ तिसऱ्या खांबाआडच राहिला. तो आमच्या उजव्या हाताला होता, म्हणजे वाट आम्ही द्यायची. तांडेलाने नियमाचं नाव घेतलं नाही. त्याने इंजिन थोडं कमी केलं, लाँचचं तोंड होतं तसंच ठेवलं, आणि पुन्हा खांबाकडे बघत उभा राहिला. ट्रॉलर हळूहळू खांबाच्या पुढच्या अंगाने बाहेर आला. मी म्हटलं, "गेला." तो म्हणाला, "अजून नाही," आणि ट्रॉलरचा मागचा भाग आमच्या पुढून पूर्ण पार होईपर्यंत त्याने इंजिन वाढवलं नाही.